म्युनिसिपालिटीतील जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव उच्चारताच १८४८ साली पुण्यात सुरू झालेली मुलींची शाळा आणि सावित्रीबाई यांचे स्मरण होते, आणि ते यथार्थच आहे. परंतु पुढे १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी शिक्षणासाठी जो आग्रह धरला, तो तुलनेने अपरिचित राहिला आहे.

शाळा चालविण्यास काय लागते, हे जोतीराव स्वानुभवाने जाणत होते. शिक्षकांचे पगार, पुस्तके, जागा यांची तोंडमिळवणी करताना त्यांच्या संस्थेला दक्षिणा प्राइझ फंडातून मिळणाऱ्या मासिक ७५ रुपयांचा मोठा आधार वाटे. शिवाय ते बांधकामाची कंत्राटे घेणारे व्यावसायिक होते. हिशेबाच्या वहीत कोणता पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हे पाहण्याची त्यांना सवय होती. हीच दृष्टी घेऊन ते नगरपालिकेत बसले.

१८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार होते. त्यानिमित्त शहर शृंगारण्यासाठी १००० रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव पुढे आला. ती रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणास लावावी, असे जोतीरावांचे म्हणणे पडले. नगरपालिकेतील ३२ नियुक्त सभासदांपैकी विरोधी मत देणारे ते एकटेच ठरले. सरकारने नेमलेल्या सभासदाने साम्राज्याच्या प्रतिनिधीच्या स्वागतखर्चास हरकत घेणे त्या काळी किती अवघड होते, याची कल्पना आज सहज येणार नाही.

दोन वर्षांनी भारतीय शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला गेला. त्यास जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी निवेदन सादर केले आणि त्याखाली स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज, अशी दिली. निवेदनाचा रोख स्पष्ट होता. सरकारी तिजोरी मुख्यतः रयतेच्या श्रमातून भरते, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ उच्च शिक्षण घेणाऱ्या मूठभरांच्या पदरी पडतो. म्हणून किमान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, लोकल सेस फंडाचा अर्धा भाग केवळ प्राथमिक शिक्षणासाठी राखून ठेवावा, नगरपालिकांवर आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळा चालविण्याचे कायदेशीर बंधन घालावे आणि सरकारनेही पुरेसे अनुदान द्यावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

निव्वळ शाळांची संख्या वाढवून त्यांचे समाधान होणार नव्हते. शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा; मोठ्या गावी तो १५ ते २० रुपये असावा, असे त्यांनी सुचविले. शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास न लाजणारा शिक्षक त्यांना हवा होता. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास आणि भूगोल यांबरोबरच शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, असे त्यांचे मत होते. परीक्षेच्या निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत मात्र त्यांनी गरीब वस्त्यांसाठी अयोग्य ठरविली. जेथे शिक्षणाची गोडीच अद्याप लागलेली नाही, तेथे अशा भरवशावर कोणता शिक्षक शाळा काढील, हा त्यांचा मुद्दा. अनुदानावर शाळा चालविणाऱ्या आजच्या संचालकांनाही तो लगेच उमगेल.

सक्तीची मागणी तेव्हा मान्य झाली नाही. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ साली कायदा झाला, आणि त्याने नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा दिली. जोतीराव त्यापूर्वीच, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, निवर्तले होते.

पुण्यात भव्य मंडई उभारण्यावर होणाऱ्या खर्चालाही त्यांनी विरोध केला होता. तो पैसा लोकांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांना वाटे. मंडई बांधली गेली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे ते नाव बदलले. आज पुणेकर भाजी घेण्यास जातात ती महात्मा फुले मंडई हीच.