ओकवृक्ष तोडणारे संत बोनिफेस



५ जून हा जागतिक पर्यावरण दिन. योगायोग असा की, ख्रिस्तसभा याच दिवशी एक झाड तोडल्याबद्दल प्रसिद्ध झालेल्या संताचा सण साजरा करते. ते म्हणजे जर्मनीचे प्रेषित संत बोनिफेस.

त्यांचे मूळ नाव विनफ्रिड. जन्म सुमारे ६७५ साली, इंग्लंडमधील वेसेक्स राज्यात. ते लहानपणीच मठात दाखल झाले व पुढे विद्वान शिक्षक म्हणून नावाजले. नर्सलिंग येथील मठाधिपतीपद नाकारून ७१८ साली त्यांनी मायदेश सोडला, तो कायमचा. ७१९ मध्ये पोप ग्रेगरी दुसरे यांनी त्यांना बोनिफेस हे नाव दिले आणि जर्मन लोकांमध्ये सुवार्ताकार्यासाठी पाठवले.

हेस प्रांतात लोक बाप्तिस्मा घेत, पण झाडांना आणि झऱ्यांना बळी वाहणे काही सुटत नसे. गाइस्मार येथे मेघगर्जनेचा देव डोनार याचा प्रचंड ओकवृक्ष होता. ७२३ च्या सुमारास बोनिफेस यांनी जमावासमोर त्यावर कुऱ्हाड चालवली. त्यांचे चरित्रकार विलिबाल्ड सांगतात की, थोडेसे घाव बसताच जोराचा वारा सुटला आणि झाड कोसळून त्याचे चार तुकडे झाले. त्याच लाकडातून संत पेत्राच्या नावे प्रार्थनामंदिर उभारण्यात आले.

हे योग्य झाले का? विंचेस्टरचे बिशप डॅनियल यांनी बोनिफेस यांना पत्रातून वेगळाच सल्ला दिला होता. लोकांना त्यांच्या देवांविषयी शांतपणे प्रश्न विचारावेत, त्यांना चिडवू नये, असा त्याचा आशय होता. मला स्वतःला तो मार्ग अधिक खोल वाटतो. कारण झाड पडले तरी रूढी उभ्याच होत्या. ७३२ साली पोप ग्रेगरी तिसरे यांना घोड्याचे मांस खाण्याच्या चालीवर बंदी घालण्यास पत्र लिहावे लागले. ७४२ साली तर बोनिफेस यांनीच पोप झकारियस यांच्याकडे तक्रार केली की, खुद्द रोममध्ये नववर्षाला जुन्या धर्माच्या मिरवणुका निघतात, बायका ताईत बांधतात, आणि ते पाहून आलेले जर्मन लोक विचारतात, मग आम्हालाच मनाई का! पोप महोदयांना ते मान्य करावे लागले.

त्या एका ओकापेक्षा कितीतरी अधिक झाडे पुढे तुटली. ७४४ साली बोनिफेस यांचे शिष्य स्टुर्म यांनी बुखोनियाच्या घनदाट अरण्यात फुल्डाचा मठ स्थापन केला. तेथे जंगल साफ करायला बोनिफेस स्वतः माणसे घेऊन गेले होते. त्या झाडांना कोणी देव मानत नव्हते, म्हणून त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

उतारवयात ते पुन्हा फ्रिसिया प्रांतात गेले. ५ जून ७५४ रोजी डोक्कुमजवळ सशस्त्र टोळीने हल्ला केला, तेव्हा त्यांनी सोबत्यांना शस्त्र उचलू दिले नाही. सोबत्यांसह त्यांना तेथेच हौतात्म्य आले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांना फुल्डा येथे पुरण्यात आले.