होळकरांची एक कोटी आणि खांडव्याची आगगाडी

धनकोने अटी घालाव्या आणि ऋणकोने त्या निमूटपणे मान्य कराव्या, असा व्यवहाराचा सामान्य नियम आहे. युरोपातील राष्ट्रांनी तुर्कस्थान व चीन या देशांत हाच नियम राजकारणास लावला. रेल्वेसाठी कर्ज द्यावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात सवलती पदरात पाडून घ्यावयाच्या, हा त्यांचा क्रम होता. इंग्लंड व फ्रान्स ही परस्परांची मित्र म्हणविणारी राष्ट्रेही या कामी एकमेकांवर कुरघोडी करण्यास चुकली नाहीत. १९११ साली चार राष्ट्रांच्या पेढ्यांनी चीनला हुकुआंग रेल्वेचे कर्ज दिले. त्यातून उसळलेला लोकक्षोभ तेथील राज्यक्रांतीस कारण झाला. परंतु आमच्या देशात हा नियम उलटा झाल्याचे एक ठळक उदाहरण आहे. येथे कर्ज देणाऱ्यानेच जमीनही दिली आणि अधिकारही सोडला. तो धनको म्हणजे इंदूरचे कैलासवासी महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) हे होत.

होळकरांचे घराणे खानदेशास परके नाही. मूळपुरुष मल्हारराव यांचे बालपण तळोद्यास मामाच्या घरी गेले. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख होळकरांनी गमावला, आणि पुढील महिन्यात तापीकाठच्या थाळनेर किल्ल्याच्या किल्लेदारास इंग्रज सेनापतीने फाशी दिले. तहाच्या कागदावर मात्र होळकर इंग्रजांचे ‘दोस्त’ ठरले. या दोस्तीचा वारसा तुकोजीरावांकडे आला. १८३५ साली जन्मलेले हे महाराज १८४४ साली दत्तकविधानाने गादीवर आले व १८५२ साली त्यांच्या हाती पूर्ण अखत्यार आला.

१ जुलै १८५७ रोजी होळकरांच्याच फौजेतील शिपायांनी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. महाराजांनी इंग्रजांचा पक्ष सोडला नव्हता. तथापि कर्नल ड्युरंड यांच्या मनातील संशय गेला नाही. ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांस बंडानंतर तीन लक्षांचा मुलूख बक्षीस मिळाला. होळकरांस तसे काही मिळाले नाही. हे शल्य महाराजांस जन्मभर सलत राहिले.

पुढील व्यवहार या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. १८६९ पर्यंत हिंदुस्थानातील रेल्वे विलायती कंपन्या बांधीत, व त्यांच्या भागीदारांस पाच टक्के व्याजाची हमी सरकार आमच्या तिजोरीतून देई. त्या वर्षी धोरण पालटले आणि सरकार स्वतःच रेल्वे बांधू लागले. तेव्हा खांडवा ते इंदूर या मार्गासाठी तुकोजीरावांनी एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले. म्हणजे वर्षास साडेचार लक्ष व्याज. आपल्या हद्दीतील जमीन त्यांनी मोफत दिली. रेल्वेच्या पट्ट्यावरील न्यायाधिकार इंग्रजांकडे जावा, हा संस्थानी मुलखातील त्या काळचा रिवाजच होता. १८७६ साली नर्मदेवरील पूल खुला झाला, व १८७८ पर्यंत गाडी घाट चढून इंदुरास पोहोचली. मार्ग मात्र मीटर रुंदीचा असल्यामुळे खांडव्यास माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे.

होळकरांमागोमाग शिंदेही पुढे सरसावले. आग्रा–ग्वाल्हेर व इंदूर–नीमच या मार्गांसाठी त्यांनी प्रत्येकी ७५ लक्ष रुपये दिले. दोघेही मराठे, दोघेही सरकारचे दोस्त, आणि दोघांसही सरकारदरबारी मानाची चढाओढ. दोघांनी मिळून एकच अट घातली असती, तर काय बिघडले असते? पण दोन धनको परस्परांकडे संशयाने पाहू लागले की ऋणकोचे फावते. दैवाची गंमत अशी की, हे दोघेही जून १८८६ मध्ये तीन दिवसांच्या अंतराने निवर्तले.

महाराजांस केवळ खुशामती म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी इंदुरास कापडाची गिरणी काढली, सर टी. माधवरावांसारखा दिवाण आणला, आणि रेल्वेने माळव्याचा व्यापार वाढेल हे ओळखले. ते त्यांचे ओळखणे खरे ठरले. दोष आहे तो एवढाच की, पैसा रयतेच्या साऱ्यातून आला आणि करार करताना रयतेस कोणी विचारले नाही. १०१ वर्षांची मुदत भरण्यापूर्वीच १९४७ साली इंग्रजी राज्य गेले व १९४८ साली इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झाले.

ही जुनी कथा आज सांगण्याचे प्रयोजन आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गास १८,०३६ कोटी रुपयांच्या खर्चाची मंजुरी दिली. हा मार्ग धुळ्यावरून, आमच्या शिंदखेडे तालुक्यातील नरडाण्याजवळून जाणार आहे. त्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु ज्याची जमीन जाते तो शेतकरीही या कामी एक धनकोच आहे. मोबदल्याचा दर, तो मिळण्याची मुदत, आणि उरलेल्या शेतास वाट व पाट कोठून राहील, या गोष्टी त्यास मराठीत लेखी व आगाऊ कळल्या पाहिजेत. आणि गावोगावच्या खातेदारांनीही शिंदे-होळकरांप्रमाणे वेगवेगळे न जाता एकत्र बसून अटी ठरवाव्या. महाराजांस जे साधले नाही, ते स्वतंत्र देशाच्या नागरिकांस साधू नये, असे मुळीच नाही.