डॉ. वाल्देमार हाफकिन आणि उंडेऱ्याची कसोटी

ज्या शहराच्या जुन्या कोटाला पाणीगेट हा पूर्वेचा दरवाजा आहे, त्या बडोद्यापासून सुमारे सहा मैलांवर उंडेरा नावाचे गाव आहे. प्लेगचे नाव ऐकताच गावेच्या गावे ओस पडत आणि माणसे रानात झोपड्या घालून राहत, त्या काळी, १८९८ साली, या गावाने वैद्यकशास्त्राला एक मोलाचा पुरावा दिला. तो गोळा करणाऱ्या पुरुषाचे चरित्र आपल्या शतायुषी ग्रंथालयाच्या या अंकात यावे, यास आणखीही एक कारण आहे. हा जगद्विख्यात शास्त्रज्ञ काही काळ ग्रंथपालाचा साहाय्यक होता.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांना मेचनिकॉफ यांच्यासारखे गुरू लाभले. मात्र राजकीय चळवळीमुळे तुरुंगवास घडला आणि धर्मांतर नाकारल्यामुळे अध्यापकपदाची वाट बंद झाली. १८८९ साली ते पॅरिसला पाश्चर संस्थेत आले, तेव्हा रिकामी होती ती साहाय्यक ग्रंथपालाची जागा. ती त्यांनी आनंदाने पत्करली आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवला. पुस्तकांच्या सहवासात राहूनच त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली व १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

१८९३ साली ते कलकत्त्यास उतरले. पुढील सुमारे अडीच वर्षांत त्यांनी ४२ हजारांवर लोकांना लस दिली. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवताच सरकारने त्यांस तेथे पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक लहान खोली व व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर काम सुरू झाले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली जंतू वाढविण्याची त्यांची युक्ती आपल्या घरगुती वस्तूचाच उपयोग होती. हे जंतू उष्णतेने मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी ही लसही त्यांनी प्रथम स्वतःस टोचली.

लस खरोखर गुणकारी आहे काय, हा प्रश्न मात्र उरत होता. स्वेच्छेने लस घेणारा मनुष्य मुळात अधिक सावध असू शकतो. मग तो वाचला तर श्रेय कोणाचे? उंडेऱ्यात यावर उपाय योजला गेला. फेब्रुवारी १८९८ मध्ये एकेका कुटुंबास समोर बोलावून त्यातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचली गेली. एकच घर, एकच अन्न, एकच धोका. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. लस न घेतलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले व २६ दगावले. एकाच चुलीभोवतीच्या माणसांत पडलेला हा फरक नाकारणे कठीण होते. तथापि या आकड्यांतील २६ माणसे कोणाचे तरी पिता, माता वा मूल होती, हेही विसरता येत नाही. त्यांच्या मरणाने मिळालेल्या ज्ञानाचा लाभ पुढील पिढ्यांना झाला.

यशापाठोपाठ संकट आले. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली मुलकोवाल येथे उघडताना ती दूषित झाली असावी, हे पुराव्यांवरून पुढे दिसून आले. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली, आणि १९०७ साली ते दोषमुक्त ठरले. ते पुन्हा कलकत्त्यास आले, परंतु पूर्वीचे अधिकार त्यांना मिळाले नाहीत. मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेस १९२५ साली त्यांचे नाव दिले गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

ज्या दोन रोगांशी ते झुंजले, त्यांची गुपिते पुढे रसायनशास्त्राने उकलली. न्यूक्लिओटाइड हे पेशीतील लहान रेणू; आनुवंशिक द्रव्याची साखळी त्यांचीच, आणि ऊर्जेचा व्यवहारही त्यांच्याच द्वारे चालतो. काही विकरे त्यांचा अंश एका रेणूवरून उचलून दुसऱ्यावर चिकटवतात. कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिलेले पटकीचे विष हे असेच विकर आहे. ते आतड्याच्या पेशीतील एका प्रथिनावर असा अंश चिकटवते. प्रथिनाची कळ दाबलेलीच राहते आणि शरीरातील पाणी बाहेर वाहू लागते. प्लेगवर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिनही जंतू अशाच युक्तीने निकामी करू शकतात. औषधाच्या रेणूला न्यूक्लिओटाइड चिकटले की ते निष्प्रभ होते. १९९४ साली सुरतेस प्लेगने हादरविले, आणि त्यानंतरच्याच वर्षी मादागास्करमध्ये अनेक औषधांना दाद न देणारा प्लेगचा जंतू आढळला.

म्हणूनच हाफकिन यांचे स्मरण केवळ कृतज्ञतेपुरते नाही. जंतू आपली युक्ती बदलतो, तेव्हा माणसालाही आपला पुरावा पुनःपुन्हा तपासावा लागतो. ग्रंथालयातल्या कपाटांपासून परळच्या प्रयोगशाळेपर्यंत या पुरुषाने तोच धडा गिरवला, आणि त्याची एक मोठी कसोटी आपल्या बडोद्याच्या परिसरात लागली.