लष्करी गुपित वर्गात आणणारा भूमितिज्ञ

एका संगणक प्रणालीत तयार केलेले यंत्रभागाचे त्रिमितीय मॉडेल दुसऱ्या प्रणालीत उघडले की त्याचे पृष्ठभाग अनेकदा एकमेकांपासून सुटतात. कुठे केसाएवढी फट राहते, तर कुठे एक पृष्ठ दुसऱ्यावर चढते. पडद्यावर हे दोष सहसा जाणवत नाहीत. पण त्या मॉडेलवरून तांत्रिक आरेखन काढायला घेतले की कडा तुटक येतात किंवा दुहेरी उमटतात. मग कॅडवर काम करणारा आरेखक पृष्ठे थोडी वाढवतो, ती परस्परांना जिथे छेदतात ती रेषा नव्याने शोधतो, उरलेला भाग छाटतो आणि सारे पुन्हा सांधतो. छेदाची ही रेषा कागदावर अचूक कशी मिळवावी, याचे शास्त्र रचणारा गणिती म्हणजे गास्पार मोंझ.

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील बोन या गावी १७४६ साली एका सामान्य व्यापाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. तरुण वयातच त्याने आपल्या गावाचा मोठा नकाशा तयार केला. तो पाहून एका लष्करी अधिकाऱ्याने त्याला मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात नेले. मात्र तेथे अधिकारी म्हणून शिकण्यासाठी कुलीन घराण्यात जन्म लागत असे. मोंझच्या वाट्याला आरेखकाचे काम आले.

सुमारे वर्षभराने त्याच्यापुढे तटबंदीचा एक प्रश्न आला. शत्रू भोवतालच्या उंचवट्यांवरून मारा करू लागला तरी आतला माणूस सुरक्षित राहावा, यासाठी भिंत कुठे आणि किती उंच हवी? त्या काळी त्यासाठी लांबलचक आकडेमोड करावी लागे. मोंझने ती टाळून भूमितीने उत्तर काढले. ते इतक्या लवकर आले की संबंधित अधिकारी सुरुवातीला तपासायलाही तयार नव्हता. तपासल्यावर मात्र पद्धतीची योग्यता कळली आणि ती लष्करी गुपित म्हणून विद्यालयाच्या भिंतींआड ठेवण्यात आली. ज्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसण्याचा अधिकार नव्हता, तेथे मोंझ १७६९ पासून गणित शिकवू लागला.

त्याच्या पद्धतीचे सूत्र सोपे होते. एक आडवे व एक उभे, अशी परस्परांना लंब असलेली दोन प्रतले घ्यायची. वस्तूच्या प्रत्येक बिंदूचा दोन्हींवर प्रक्षेप काढायचा आणि एक प्रतल दुसऱ्याच्या पातळीत दुमडून दोन्ही दृश्ये एकाच कागदावर आणायची. दोन वक्रपृष्ठांचा छेद हवा असेल, तर दोन्हींना सोयीच्या अनेक प्रतलांनी कापायचे. प्रत्येक काप छेदरेषेवरचे बिंदू देतो आणि ते जोडले की रेषा पूर्ण होते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ‘एचपी’, ‘व्हीपी’ आणि ‘एक्सवाय’ रेषा यांच्याशी झगडणारा आपल्याकडचा विद्यार्थी मोंझचीच भूमिती गिरवत असतो.

१७८० मध्ये तो विज्ञान अकादमीवर निवडला गेला. राज्यक्रांतीनंतर १७९२ मध्ये तो नौदलमंत्री झाला, पुढे तोफा ओतण्याच्या कामातही गुंतला. एकोल पॉलितेक्निक या १७९४ साली स्थापन झालेल्या शिक्षणसंस्थेच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा होता. १७९५ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये त्याने या भूमितीवर व्याख्याने दिली. जवळपास तीन दशके दडवलेली विद्या अशी शिक्षकांच्या हाती आली आणि १७९९ मध्ये ग्रंथरूपाने सर्वांसाठी खुली झाली.

नेपोलियनशी जडलेली मैत्री त्याला भोवली. १७९६ मध्ये इटलीतून फ्रान्ससाठी कलाकृती निवडणाऱ्या आयोगात तो होता. पराभूतांचा ठेवा उचलून नेण्याचे ते काम त्याच्या लौकिकाला शोभणारे नव्हते. १७९८ मध्ये तो इजिप्तच्या मोहिमेवर गेला. तेथील विज्ञानसंस्थेचा तो पहिला अध्यक्ष झाला आणि वाळवंटातील मृगजळाची मीमांसाही त्याने केली. नेपोलियन सम्राट झाल्यावर त्याला १८०८ मध्ये सरदारकी मिळाली.

नेपोलियनचे राज्य गेले, तसे दिवस फिरले. १८१६ मध्ये नव्या राजसत्तेने मोंझला विज्ञानसंस्थेतून काढून टाकले. शरीर आणि मन दोन्ही खचलेल्या अवस्थेत २८ जुलै १८१८ रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. पॉलितेक्निकच्या विद्यार्थ्यांना अंत्ययात्रेला जाण्याची मनाई करण्यात आली. त्यांनी आज्ञा मोडली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ते दफनभूमीत गेले आणि त्यांनी आपल्या गुरूच्या थडग्यावर आदरांजली वाहिली.

फ्रान्सने १९८९ मध्ये, राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीच्या वर्षी, त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने नेले. आज छेदरेषेचे गणित संगणक क्षणात करतो. फाटलेल्या पृष्ठांपुढे तो अडला, की कुठले पृष्ठ कुठे मिळायला हवे हे आरेखकालाच ठरवावे लागते. त्यासाठी लागणारी नजर मोंझने मेझिएरच्या आरेखनशाळेत कमावली होती, आणि ती आपल्यापुरती न ठेवता सर्वांना दिली होती.