कर्णशास्त्रज्ञ वाल्साल्वा

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील भजनातील टाळांचा नाद आपल्या अंतःकरणास भिडण्यापूर्वी कानशिलातील एका हाडातून वाट काढतो. या हाडास शंखास्थी म्हणतात. तिच्यातील गुपिते उकलण्यात ज्यांनी आपली उमेदीची वर्षे वेचली, त्या आंतोनियो मारिया वाल्साल्वा या इटालियन वैद्याचे चरित्र आम्ही वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

वाल्साल्वा यांचा जन्म १६६६ मध्ये इमोला या गावी झाला. बोलोन्या येथे सूक्ष्मदर्शकाचे थोर अभ्यासक माल्पिगी हे त्यांना गुरू लाभले. १६८७ मध्ये पदवी मिळवून ते पुढे त्याच नगरात शस्त्रवैद्य व शरीररचनेचे अध्यापक झाले.

शंखास्थीचा अंतर्भाग खडकासारखा कठीण, आणि त्यात कोरलेल्या पोकळ्या मात्र अत्यंत नाजूक! ध्वनीने कानाचा पडदा कंप पावतो. हातोडी, ऐरण व रिकीब यांच्या आकाराची तीन इवली हाडे तो कंप आत नेतात. तेथे गोगलगायीच्या शंखासारख्या पोकळीतील द्रव हेलावतो आणि मज्जातंतू ती वार्ता मेंदूस पोहोचवितात. ही रचना पाहण्यासाठी वाल्साल्वा यांनी सोळा वर्षे खपून हजाराहून अधिक मृतांची मस्तके तपासली. या श्रमाचे फळ म्हणजे १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा मानवी कर्णावरील लॅटिन ग्रंथ. बाह्य, मध्य व आंतर हे कानाचे तीन विभाग त्यांनीच रूढ केले. घशातून मध्यकर्णाकडे जाणाऱ्या नळीस त्यांनी स्वतःचे नव्हे, तर पूर्वसूरी युस्ताकी यांचे नाव दिले. नाक व तोंड मिटून हलकेच श्वास रेटण्याच्या क्रियेस पुढे जगाने वाल्साल्वांचे नाव दिले. विमानप्रवासी व पाणबुडे आजही ती करतात.

एका बहिऱ्या मनुष्याच्या मृत्यूनंतर त्याचा कान तपासता, रिकीब आपल्या जागी घट्ट जखडलेली त्यांना आढळली. बहिरेपण हा केवळ दैवाचा कोप नसून त्यास शरीरात शोधता येण्याजोगे कारण असते, हे त्यावरून दिसून आले. १७२३ मध्ये ते निवर्तले. १७४० मध्ये त्यांचे शिष्य मोर्गान्यी यांनी गुरूचे लेखन संपादून प्रसिद्ध केले.

वर्गात हाक मारूनही जो ओ देत नाही, त्यास मंदबुद्धी अथवा हट्टी ठरविण्यापूर्वी त्याचा कान वैद्यास दाखवावा, एवढीच आमची पालकांस विनंती आहे. वाल्साल्वा यांच्या श्रमांचे खरे स्मरण तेच होय.