हिशेब मागण्याचा अधिकार : सार्वजनिक काका

प्रस्तावना

सार्वजनिक पैशाचा हिशेब मागण्याचा अधिकार नागरिकाला कोठून मिळतो, हा प्रश्न प्रस्तुत पाठाच्या केंद्रस्थानी आहे. गावात शाळेची इमारत उभी राहते, एखाद्या करंज्यासारख्या कोळी वस्तीच्या गावी धक्का बांधला जातो. अशा वेळी कंत्राट कोणाला व किती रकमेस दिले, काम अंदाजपत्रकाप्रमाणे झाले की नाही, असे कोणी विचारू लागला, तर त्याला बहुधा एकच उलट प्रश्न केला जातो : विचारणारे तुम्ही कोण? गणेश वासुदेव जोशी यांचे चरित्र अभ्यासताना हा प्रश्न तुम्ही सतत समोर ठेवावा. कारण त्यांच्या सार्वजनिक कार्याचा प्रारंभच या प्रश्नाला उत्तर देण्यातून झाला.

मुखत्यारपत्राची कल्पना

जोशी यांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. तरुणपणी ते पुण्यास आले. काही काळ त्यांनी न्यायखात्यात नोकरी केली व पुढे वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन वकिलीचा व्यवसाय पत्करला. त्या सुमारास पुण्यातील पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता. पेशव्यांनी उभारलेल्या या देवस्थानाचे उत्पन्न हे लोकांच्या विश्वासावर सोपविलेले धन होते; पण त्याच्या विनियोगाविषयी जाब विचारील अशी अधिकृत संस्था नव्हती. एकट्यादुकट्याच्या तक्रारीस सरकारदरबारी वजन नव्हते.

या अडचणीवर जोशी व त्यांचे सहकारी यांनी काढलेला मार्ग वकिलाच्या बुद्धीला साजेसा होता. न्यायालयात वकील पक्षकाराच्या वतीने बोलतो, कारण त्याच्याजवळ वकीलपत्र असते. मग सरकारपुढे लोकांच्या वतीने बोलणाऱ्यानेही लोकांचे मुखत्यारपत्र का आणू नये? २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, ती याच तत्त्वावर. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र सादर करावे, असा नियम ठरला. प्रारंभी ९५ सभासद झाले व त्यांच्यामागे सहा हजारांहून अधिक लोकांच्या सह्या होत्या. ज्या काळी विधिमंडळात लोकांनी निवडलेला एकही प्रतिनिधी नव्हता, त्या काळी ही गोष्ट घडली, हे ध्यानात घ्यावे. या सभेशी जोशी इतके एकरूप झाले, की ‘सार्वजनिक काका’ हेच त्यांचे नाव होऊन बसले.

माहितीचे बळ

मुखत्यारपत्राने बोलण्याचा अधिकार मिळतो. परंतु बोलण्यास आधार लागतो तो माहितीचा. १८७१ साली महादेव गोविंद रानडे पुण्यास आले आणि काकांच्या संघटनशक्तीस त्यांच्या अभ्यासू बुद्धीची जोड मिळाली. ब्रिटिश पार्लमेंटने हिंदुस्थानच्या आयव्ययाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती. तिच्यापुढे मांडण्याकरिता सभेने उपसमितीमार्फत माहिती गोळा केली आणि १८७३ साली अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी खर्चाची छाननी सरकारबाहेरील लोकांनी पद्धतशीरपणे करावी, असा हा आपल्याकडील एक आरंभीचा प्रयत्न होय.

या पद्धतीची खरी कसोटी १८७६–७७ च्या दुष्काळात लागली. दुष्काळी कामे हीही सार्वजनिक पैशाने चालणारी कामेच होती. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च आवरण्यासाठी मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, व वर थोडे पैसे एवढ्यावर आणली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचे एवढ्यावर कसे भागावे? अनेक मजूर कामे सोडून निघून गेले. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतील स्थितीची माहिती मिळवून ती सरकारपुढे वारंवार मांडली. खर्च कमी झाला एवढ्यावरून कारभार चोख ठरत नाही. तो पैसा ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत पुरेसा पोहोचला का, हेही पाहावे लागते, हा धडा येथे तुम्हांला मिळेल.

काकांचे खाजगी वर्तन या कार्याला साजेसेच होते. १८७२ साली त्यांनी स्वदेशी वस्त्रांचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाड्यांच्या भरजरी पोशाखांमध्ये ते हातच्या सुताची जाडीभरडी वस्त्रे नेसून सभेचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिले.

अर्जांच्या मर्यादा

अर्ज व अहवाल यांना सरकार दाद देईलच, असे मात्र नव्हते. तेव्हाच्या पनवेल तालुक्यात उरण-करंजाचा भागही मोडत असे. त्याच तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यास लष्करी हिशेब खात्यात नोकरीस होते. दुष्काळातील हाल पाहून त्यांनी सशस्त्र बंडाचा मार्ग धरला. १८७९ साली त्यांच्यावर खटला चालला, तेव्हा काकांनी त्यांचे वकीलपत्र स्वीकारले. आरोपीचा बचाव करणाऱ्यावरही सरकारचा संशय येण्याचे ते दिवस होते. फडके यांचा मार्ग काकांचा नव्हता. पण आपली बाजू मांडण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, हे तत्त्व त्यांनी येथेही सोडले नाही. फडके यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी, १८८० साली, काकांचे निधन झाले.

सभेची दुसरी मर्यादा आतली होती. तिच्यात सरदार, इनामदार, सावकार व सुशिक्षित यांचा भरणा अधिक होता. शेतकरी व शूद्रातिशूद्र यांचे प्रतिनिधित्व ही सभा करीत नाही, अशी टीका महात्मा फुले यांनी केली. फुले यांनी स्वतः सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली होती आणि त्या खात्यात मजुरांची व सरकारची कशी फसवणूक होते, हे त्यांनी आपल्या लेखनातून उघडे केले. म्हणून काकांचे चरित्र वाचताना फुले यांचा आक्षेप शेजारी ठेवूनच वाचावे. मुखत्यारपत्रावर सह्या किती, याबरोबरच त्या कोणाच्या, हेही विचारले पाहिजे.

समारोप

आज तुम्हांला पन्नास सह्या गोळा कराव्या लागत नाहीत. ग्रामसभेत तुम्ही मतदार म्हणूनच बसता आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने निविदा, मोजमाप पुस्तिका व देयके यांच्या प्रती मागता येतात. कागद मिळणे सोपे झाले आहे. पण ते वाचणे, प्रत्यक्ष कामाशी पडताळणे आणि ज्यांच्यासाठी काम झाले त्यांना सोबत घेऊन बोलणे हे श्रम अद्याप नागरिकालाच करावे लागतात. काकांनी दशकभर केले ते हेच.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. मुखत्यारपत्राच्या नियमामुळे सार्वजनिक सभेच्या म्हणण्यास वजन कसे आले, ते स्पष्ट करा.
२. महात्मा फुले यांच्या आक्षेपाच्या आधारे सभेच्या प्रातिनिधिकतेची चर्चा करा.
३. तुमच्या गावातील एखादे सार्वजनिक काम निवडा व त्याच्या खर्चाविषयी कोणती कागदपत्रे मागाल, ते सकारण लिहा.