विश्लेषण : प्राजक्ताची नोंद करणारा ‘मुंबईचा मालक’ गार्सिया द ऑर्ता कोण होता?

पावसाळा सरत आला की जोगेश्वरीत कितीतरी सोसायट्यांच्या कुंपणालगत पहाटे प्राजक्ताचा सडा पडतो. या झाडाबद्दल सोळाव्या शतकात एका पोर्तुगीज वैद्याने लिहून ठेवले. तो काही काळ मुंबई बेटाचा भाडेपट्टेदारही होता.

गार्सिया द ऑर्ता पोर्तुगालमधील ज्यू कुटुंबातला. धर्मांतर सक्तीचे झालेले. १५३४ मध्ये तो मार्तिम अफोन्सो द सोझाचा वैद्य म्हणून गोव्यात आला. त्याच वर्षी गुजरातच्या बहादूरशहाने वसई, साष्टी आणि मुंबई पोर्तुगिजांना दिली. आजची जोगेश्वरी त्याच साष्टीत येते. पुढे मुंबई बेट ऑर्ताला पट्ट्याने मिळाले. तिथल्या आपल्या आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फळ येते, असे तो अभिमानाने सांगतो.

पुस्तकात काय आहे?

१५६३ मध्ये गोव्यात छापलेला त्याचा ग्रंथ संवादरूपात आहे. औषधी वनस्पती हा मुख्य विषय. पण प्राजक्ताला त्यात स्वतंत्र प्रकरण मिळाले. त्याने झाडाला ‘दुःखी वृक्ष’ म्हटले, कारण ते रात्री फुलते आणि उजाडताच फुले गाळते. केशरी देठांनी अन्नाला रंग देतात, हेही त्याने टिपले. (केशर तेव्हाही परवडणारे नव्हतेच.) सूर्यावर भाळलेल्या आणि त्याने टाकून दिलेल्या मुलीच्या राखेतून हे झाड उगवले, ही इथली कथाही त्याने लिहून घेतली. ग्रीक-अरबी ग्रंथांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्यावर भर देणे, हे त्याचे खरे मोठेपण.

कथेत सूर्य नकोसा असला, तरी झाडाला ऊन लागतेच. सावलीत लावलेला प्राजक्त नुसता उंच वाढतो. पाणी साचू द्यायचे नाही; बहर ओसरल्यावर, पावसाळ्याआधी छाटणी केली की नव्या फांद्यांवर भरपूर कळ्या धरतात. ड्रममध्ये लावायचा असेल तर तळाला भोके हवीतच.

शेवट कसा झाला?

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. ऑर्ता १५६८ मध्ये वारला, म्हणून वाचला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळले. १५८० मध्ये ऑर्ताची हाडे उकरून तीही जाळण्यात आली. तोवर त्याच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप युरोपात पोहोचला होता. क्लूसियसने तो १५६७ मध्येच अँटवर्पला छापला होता.

पणजीत चर्चसमोरच्या उद्यानाला आज ऑर्ताचे नाव आहे.